उबदार रंग ठेवावेत की छायाचित्र कृष्णधवल करावे?

एकच छायाचित्र पडद्यावर दोन रूपांत शेजारी-शेजारी उघडले, एकीकडे सोनेरी उबदार छटांचे आणि दुसरीकडे कृष्णधवल, की बहुतेकांचा निर्णय पहिल्या काही क्षणांतच होऊन जातो आणि तो ‘कोणते जास्त छान दिसते’ एवढ्याच कसोटीवर होतो. ही कसोटी मला अपुरी वाटते, कारण दोन्ही रूपे छान दिसू शकतात आणि तरीही त्यांतले एकच त्या छायाचित्राला न्याय देणारे असते. उबदार छटा म्हणजे जिव्हाळा आणि आठवणी, कृष्णधवल म्हणजे गांभीर्य आणि दुःख, अशी जी ढोबळ वाटणी सर्रास केली जाते, तिचाही निर्णय घेताना फारसा उपयोग होत नाही. कृष्णधवलात खिदळणारे मूल अत्यंत प्रसन्न दिसू शकते आणि तांबूस संधिप्रकाशातला रिकामा रस्ता पाहणाऱ्याला अस्वस्थ करू शकतो. म्हणून भावनेपासून सुरुवात न करता प्रकाशापासून करावी, असे माझे ठाम मत आहे. चौकटीत जे सांगण्यासारखे आहे ते प्रकाशाच्या रंगात आहे, की त्याच्या दिशेत आणि तीव्रतेत, हे एकदा नीट पाहिले की पुढचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

प्रकाशाची ऊब मोजता येते. रंगतापमान केल्व्हिन या एककात सांगतात: मेणबत्तीच्या ज्योतीचे ते सुमारे 1,900 असते, तारेच्या जुन्या पिवळ्या दिव्याचे 2,700 ते 3,000 च्या आसपास, भर दुपारच्या उन्हाचे साधारण 5,500 आणि निरभ्र आकाशाखालच्या सावलीचे 7,000 च्याही पुढे. आकडा जितका लहान, तितका प्रकाश तांबूस. कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्सचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगाची भरपाई करणाऱ्या सोयीचा, आकडा मात्र उलट्या दिशेने काम करतो आणि नव्याने शिकणाऱ्यांचा गोंधळ नेमका इथेच होतो. आपण 7,000 हा आकडा निवडला की समोरचा प्रकाश निळसर आहे असे कॅमेरा गृहीत धरतो आणि त्याची भरपाई म्हणून चित्रात पिवळसर तांबूसपणा वाढवतो. स्वयंचलित व्हाइट बॅलन्सचे काम तर मुळातच रंगाची झाक काढून टाकण्याचे आहे. मावळतीच्या उन्हात उभ्या असलेल्या माणसाचे छायाचित्र त्यावर काढले, तर ज्या सोनेरीपणासाठी आपण थांबलो होतो, त्यातला बराचसा भाग कॅमेरा ‘दोष’ समजून पुसून टाकतो. उबदार छटा हव्या असतील तर व्हाइट बॅलन्स ‘डेलाइट’वर, म्हणजे दिवसाच्या उन्हासाठीच्या पर्यायावर, स्थिर ठेवावा. मग प्रकाशात जेवढी ऊब असेल तेवढी चित्रात येते, न कमी, न जास्त.

सकाळ-संध्याकाळच्या उन्हाला हा रंग येतो तो वातावरणामुळे. हवेतील रेणू कमी तरंगलांबीचा प्रकाश जास्त विखुरतात, आणि हे विखुरणे तरंगलांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असल्यामुळे 450 नॅनोमीटरचा निळा प्रकाश 650 नॅनोमीटरच्या लाल प्रकाशापेक्षा चौपटीहून अधिक विखुरला जातो. सूर्य क्षितिजाला टेकतो तेव्हा त्याच्या किरणांना, तो डोक्यावर असताना लागते त्याच्या सुमारे 38 पट हवा पार करावी लागते. वाटेत निळा भाग गळून जातो आणि आपल्यापर्यंत पोचतो तो मुख्यतः पिवळा, नारिंगी आणि लाल. विखुरलेला निळा प्रकाश मात्र कुठे नाहीसा होत नाही, तो आकाशभर पसरलेला असतो आणि जिथे थेट ऊन पोचत नाही त्या सगळ्या सावल्यांवर तोच पडतो.

ही शेवटची गोष्ट मला या विषयात सर्वांत महत्त्वाची वाटते. एखाद्या पांढऱ्या भिंतीवर कलते ऊन पडलेले आहे आणि त्यात खिडकीच्या गजांची सावली उमटली आहे, असे समजा. उजळलेला भाग मधासारखा पिवळा दिसतो, आणि जवळ जाऊन पाहिले तर गजांच्या सावल्या करड्या नसून स्पष्टपणे निळसर असतात. भिंत तीच, रंग तोच, पण दोन पट्ट्यांवर दोन वेगळे प्रकाशस्रोत काम करत असतात. त्या चित्रातली ऊब पिवळ्या पट्ट्यांत जितकी आहे, तितकीच शेजारच्या निळसर पट्ट्यांत आहे, कारण ऊब ही तुलनेनेच जाणवते. आता संगणकावर तापमानाची पट्टी सरळ उजवीकडे ओढली तर काय होते? उजळ भाग थोडा अधिक पिवळा होतो, पण सावल्यांमधला निळेपणा मरतो, त्या मातकट तपकिरी होतात, आणि उन्हाने उजळलेल्या भिंतीऐवजी पिवळा रंग दिलेली भिंत दिसू लागते. उबदार छटांची म्हणून जी असंख्य छायाचित्रे पाहायला मिळतात, त्यांतली पुष्कळशी याच कारणाने कोंदट वाटतात. ऊब वाढवायचीच असेल तर ती फक्त उजळ भागांत वाढवावी आणि सावल्यांना त्यांचा थंडपणा राहू द्यावा. ढगाळ दिवशी सगळीकडून सारखाच प्रकाश येतो, त्यात पिवळा-निळा असा भेदच नसतो, त्यामुळे तिथे बाहेरून चढवलेली ऊब कधीच खरी वाटत नाही. अशा प्रकाशातल्या चित्राला एक तर त्याच्या मूळ शांत रंगांत ठेवावे किंवा कृष्णधवलात न्यावे.

दुसरी एक बाब तांत्रिक असली तरी निर्णयावर थेट परिणाम करते. कॅमेऱ्यातील प्रकाश टिपणारा सेन्सर लाल, हिरवा आणि निळा अशी तीन वेगळी नोंद, म्हणजे तीन वाहिन्या, ठेवतो आणि उबदार प्रकाशात त्यांतली लाल वाहिनी सर्वांत आधी भरते. कपाळावर किंवा गालाच्या उंचवट्यावर थेट ऊन असेल, तर एकूण उजेडाचा हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचे प्रमाण दाखवणारा आलेख) व्यवस्थित दिसत असतानाही लाल वाहिनी आपल्या मर्यादेला धडकलेली असू शकते. त्यापुढे लाल वाढू शकत नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि परिणामी त्वचेवर तांबूस उजेडाऐवजी फिकट पिवळा डाग उमटतो. म्हणून तिन्ही वाहिन्यांचा वेगवेगळा हिस्टोग्राम पाहावा आणि उबदार चित्राचे एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर पडू द्यायचा प्रकाश, किंचित कमी ठेवावे. रंग त्यामुळे अधिक सकस राहतात.

आता त्याच कलत्या उन्हाकडे कृष्णधवलाच्या दृष्टीने पाहू. मावळतीच्या प्रकाशात दोन गुण एकत्र आलेले असतात: एक त्याचा रंग आणि दुसरा त्याचा कोन. आपण बहुतेक वेळा या दोहोंना मिळून ‘सुंदर प्रकाश’ म्हणतो आणि तिथेच थांबतो. पण चित्राला त्यांतल्या नेमक्या कोणत्या गुणाची गरज आहे, हे वेगळे करून पाहता येते. सूर्य खाली जाऊ लागला की त्याचे ऊन दुबळे होते, उजळ भाग आणि सावली यांच्या तीव्रतेतला फरक कमी होत जातो, आणि दुपारी जे काम तीव्रतेतला फरक करत होता ते आता रंगातला फरक करू लागतो. अशा वेळी रंग काढून टाकला तर चित्राचा आधारच जातो, आणि डोळ्यांना भारून टाकणारे दृश्य कृष्णधवलात सपाट, करडे होऊन बसते. याउलट तेच तिरपे ऊन जर वाळूवरून, पोपडे निघालेल्या गिलाव्यावरून किंवा झाडाच्या सालीवरून घासत जात असेल, तर प्रत्येक कणाला एक उजळ आणि एक काळी बाजू मिळते. तिथे कोन काम करत असतो आणि रंग केवळ सोबतीला असतो. गिलाव्याचे पोपडे सोनेरी आहेत ही बातमी फारशी महत्त्वाची नसते. ते भिंतीपासून किती सुटले आहेत आणि त्यांच्या कडा किती धारदार आहेत, हे महत्त्वाचे असते. असे चित्र मी विनासंकोच कृष्णधवल करते.

कृष्णधवल करणे म्हणजे रंग ‘काढून टाकणे’ असा एक समज आहे आणि तो अर्धवट आहे. रंगीत चित्राचे करड्यात रूपांतर करताना तीन वाहिन्यांची ठरावीक प्रमाणात बेरीज होते. उच्चदर्जा चित्रवाणीसाठी ठरलेल्या रेक. 709 या मानकानुसार उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे 71.5 टक्के, लालचा 21.3 टक्के आणि निळ्याचा अवघा 7.2 टक्के धरला जातो, कारण आपल्या डोळ्यांची संवेदनशीलताही ढोबळमानाने तशीच आहे. हिरव्यागार पानांमध्ये उमललेले एक लालभडक फूल घ्या. रंगीत चित्रात नजर दुसरीकडे कुठे जाऊच शकत नाही. साध्या रूपांतरात मात्र त्या लालची आणि हिरव्याची तीव्रता जवळजवळ सारखीच निघते, फूल पानांत विरघळते आणि राहते ती पाकळ्यांची पुसट बाह्यरेषा. आता लाल वाहिनीचा वाटा वाढवला तर फूल पांढरेशुभ्र होऊन काळ्या पानांवर उठून येते. हिरवीचा वाढवला तर फूल काळे पडते आणि पाने उजळतात. तिन्ही चित्रे कृष्णधवलच आहेत, पण तिन्हींचा अर्थ वेगळा आहे, आणि त्यांतले कोणते हवे हे चित्रकर्त्याला ठरवावे लागते. रंग हा कृष्णधवल चित्राचा कच्चा माल आहे, असे मी म्हणते ते यासाठी.

फिल्मच्या काळातील लोकांना हे हाताने शिकावे लागले. सुरुवातीची छायाचित्रण-द्रव्ये मुख्यतः निळ्या प्रकाशालाच प्रतिसाद देत. 1873 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी रंजकद्रव्ये मिसळून ती हिरव्यालाही संवेदनशील करता येतात हे शोधून काढले, आणि त्यातून द्रव्याचा लेप दिलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा व पुढे फिल्म आली. पण लाल रंग तिलाही दिसत नसे, म्हणून त्या काळच्या व्यक्तिचित्रांत ओठ काळे आणि त्वचेवरचे डाग अधिक गडद दिसतात. पॅनक्रोमॅटिक द्रव्ये आल्यानंतर सगळे रंग करड्यात उतरू लागले आणि भिंगापुढे रंगीत काच लावून त्यांचा परस्परसंबंध बदलण्याची सोय झाली. अमेरिकन छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी 1927 मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटीमधल्या हाफ डोम या कड्याचे छायाचित्र आधी पिवळ्या फिल्टरने घेतले, पण आकाश हवे तितके गडद येणार नाही हे त्यांच्या लक्षात आले आणि पुढच्या छायाचित्रण-काचेवर तेच दृश्य त्यांनी भिंगापुढे गडद लाल फिल्टर लावून घेतले. लाल काचेने निळा प्रकाश अडवला, आकाश जवळजवळ काळे झाले आणि कडा त्यावर उजळून उभा राहिला. उबदार प्रकाशाच्या संदर्भात याचा अर्थ फार मोलाचा आहे. कलत्या उन्हाने तांबूस झालेली इमारत आणि तिच्यामागचे निळे आकाश यांच्यात तीव्रतेचा फरक नसला, तरी रंगाचा फरक असतो, आणि लाल फिल्टर किंवा संगणकावरील वाहिन्यांचे मिश्रण त्या रंगभेदाचे तीव्रतेच्या भेदात रूपांतर करून देते. म्हणजे मघाशी मी सपाट होईल म्हटले ते चित्रही प्रत्येक वेळी वाया जात नाही. मात्र निळी वाहिनी फार खाली खेचली तर आकाशात खरखर आणि पट्टे उमटू लागतात, तेव्हा हाताला आवर हवा.

माणसांच्या चेहऱ्यांच्या बाबतीत मी सर्वांत जास्त वेळ घेते, कारण तिथे निर्णय चुकला तर चुकीचा परिणाम चित्रावर न होता त्या माणसावर होतो. खिडकीशी बसून वाचणारे एक वृद्ध गृहस्थ, उजव्या बाजूने येणारे उतरते ऊन, अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा अंधारात, ही तशी नेहमीची चौकट. उबदार रंगांत पाहिले तर पहिली जाणीव होते ती त्वचेखालच्या जिवंतपणाची: कानाच्या पाळीतून आरपार आलेला लालसर उजेड, गालावरची बारीक तांबूस रक्तवाहिनी, पानावरून परावर्तित होऊन हनुवटीखाली पोचलेला पिवळट प्रकाश. तेच चित्र कृष्णधवलात नेल्यावर या तिन्ही गोष्टी नाहीशा होतात आणि दुसऱ्याच तीन पुढे येतात: भुवईच्या हाडाचा आकार, चष्म्याच्या दांडीची गालावर पडलेली सावली आणि ओठांच्या कोपऱ्यातली घट्ट रेघ. एकात माणसाचे असणे दिसते, दुसऱ्यात त्याची घडण दिसते. वाहिन्यांचा खेळ इथेही असतोच. त्वचा लाल वाहिनीत उजळ आणि नितळ दिसते आणि निळ्या वाहिनीत गडद व खडबडीत, त्यामुळे लालवर भर देऊन केलेले कृष्णधवल चेहऱ्याला मऊ करते आणि निळ्यावर भर देऊन केलेले प्रत्येक सुरकुती, प्रत्येक डाग ठळक करते. वृद्धांची छायाचित्रे निळ्या वाहिनीवर भर देऊन करण्याची जी प्रथा पडली आहे, ती मला आवडत नाही. सुरकुत्यांचा नकाशा म्हणजे माणूस नव्हे. त्या गृहस्थांचे वाचनात गढून जाणे हा चित्राचा विषय असेल, तर मी उबदार रंग ठेवीन, कारण त्या वेळेची सुस्त, उतरती ऊब हा त्यांच्या वाचनाचाच भाग आहे.

कृष्णधवलाचा सर्वाधिक दुरुपयोग होतो तो डागडुजीसाठी. एकीकडे पिवळा दिवा, दुसरीकडे खिडकीतला निळसर उजेड आणि वर हिरवट ट्यूबलाइट, असा मिश्र प्रकाश असला की त्वचेचा रंग कुठेच धड लागत नाही आणि मग ‘कृष्णधवल करून टाकू’ हा मार्ग सुचतो. कमी उजेडात घेतलेल्या चित्रातले रंगीत ठिपके या रूपांतराने खरोखरच नाहीसे होतात आणि उरलेली खरखर फिल्मच्या कणांसारखी भासते, हेही मान्य. गरज पडली तर हा उपाय जरूर करावा. पण रंगातला गोंधळ गेला म्हणून प्रकाशातला गोंधळ जात नाही: तीन दिशांनी पडलेल्या तीन सावल्या तिथेच राहतात आणि रंगाचे पांघरूण गेल्यावर उलट जास्त दिसू लागतात. तारेच्या दिव्याच्या प्रकाशाबद्दल एक उलटा विचारही करण्यासारखा आहे. त्या प्रकाशात निळा भाग अत्यल्प असल्याने रंग तटस्थ करण्यासाठी निळी वाहिनी खूप वाढवावी लागते आणि तिच्यासोबत तिच्यातली खरखरही वाढते. चित्र थोडे उबदारच राहू दिले तर ही खरखर आटोक्यात राहते आणि दिव्याचा प्रकाश दिव्यासारखा दिसतो.

ज्यांचे काम जगाने पाहिले आहे अशा छायाचित्रकारांकडे पाहिले तर हा निर्णय किती खोलवर जातो ते कळते. 1984 च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायुगळती झाल्यानंतर मातीत पुरल्या जात असलेल्या एका अनोळखी बालकाचा चेहरा रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपला. रघू राय यांचे सर्वांच्या परिचयाचे छायाचित्र कृष्णधवल आहे. बार्थोलोम्यू यांचे रंगीत आहे आणि ते वर्ल्ड प्रेस फोटोच्या सर्वोच्च सन्मानास पात्र ठरले. प्रसंग तोच, चेहरा तोच. कृष्णधवल चित्रात माती, खडे आणि तो चेहरा एकाच करड्या द्रव्याचे होतात, आणि बालक मातीपासून वेगळे उरत नाही ही जाणीव असह्य होते. रंगीत चित्रात माती तपकिरी राहते आणि त्वचा त्वचेच्या रंगाची, त्यामुळे हे घडून काही तासच लोटले आहेत, हे मूल काल-परवापर्यंत जगत होते, हे सत्य अंगावर येते. यांतले कोणते श्रेष्ठ, हा प्रश्न मला गैरलागू वाटतो. दोघांनी दोन वेगळी सत्ये सांगितली आहेत आणि दोन्ही सांगणे आवश्यक होते. रंगाशिवाय ज्याची कल्पनाच करता येत नाही असे उदाहरण म्हणजे स्टीव्ह मॅककरी यांनी 1984 मध्ये टिपलेले आणि जून 1985 च्या नॅशनल जिओग्राफिकच्या मुखपृष्ठावर आलेले अफगाण मुलीचे छायाचित्र. तांबूस शाल आणि तिच्याविरुद्ध ते हिरवे डोळे, यावर ते सगळे चित्र तोललेले आहे. उबदार रंगाचे तिथले काम स्वतःकडे लक्ष वेधण्याचे नसून डोळ्यांच्या थंड हिरव्याला धार देण्याचे आहे. पिवळ्या उन्हाला निळ्या सावलीने जे मिळते, तेच तिथे हिरव्याला शालीने मिळाले आहे.

उबदार छटा पाहिल्या की जुन्या आठवणी जाग्या होतात, असे लोक म्हणतात तेव्हा त्यामागे रसायनशास्त्राचाही हात असतो. 1960 आणि 1970 च्या दशकांतील अनेक रंगीत प्रिंटमध्ये निळसर-हिरवे, म्हणजे सायन, रंजकद्रव्य अल्बमच्या अंधारातही इतरांच्या आधी फिके पडत गेले आणि चित्रावर तांबूस झाक चढली. त्या दुपारी तशा तांबूस नव्हत्या, कागद तसा झाला. त्याआधीच्या शतकातले तपकिरी फोटोही असेच: अंड्यातील बलकाभोवतीच्या पांढऱ्या भागाचा लेप दिलेल्या अल्ब्युमेन कागदाचा स्वाभाविक वर्ण तपकिरीकडे झुकणारा होता, आणि पुढे जी सेपिया प्रक्रिया रूढ झाली तिच्यात प्रिंटमधील धातुरूप चांदीचे सिल्व्हर सल्फाइडमध्ये रूपांतर होत असे, ज्याने रंग उबदार होई आणि प्रिंट अधिक टिकाऊही होई. आज नव्या छायाचित्रावर सेपियाची किंवा फिक्या पडलेल्या फिल्मची झाक चढवणे म्हणजे न गेलेला काळ चित्रावर लादणे होय, आणि ते मला पटत नाही. प्रकाशातली ऊब आणि जुनेपणाची ऊब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली समोर असते, दुसरी आपण आणतो.

याच इतिहासात एक मधली वाटही आहे आणि तिच्याकडे आज फार कमी जणांचे लक्ष जाते. कृष्णधवल म्हणजे तटस्थ करडेच, असे कधीच नव्हते. डार्करूममध्ये उबदार वर्णाचे आणि थंड वर्णाचे असे वेगवेगळे कागद मिळत. पॅलेडियमचे प्रिंट हलकी तपकिरी ऊब घेऊन येत. या उबेचा प्रकाशाच्या रंगाशी काही संबंध नसतो. ती चित्राच्या पृष्ठभागाची असते, आणि म्हणूनच ती अगदी अल्प असावी लागते. लाकूड, जुने कागद, चेहरे, हात असे विषय असले तर मी कृष्णधवल चित्राच्या मधल्या करड्यांत किंचितशी ऊब ठेवते, इतकी की शेजारी तटस्थ करडे ठेवल्याशिवाय ती कुणाच्या ध्यानात येऊ नये. बर्फ, धातू, काँक्रीट, पाणी यांना ती मानवत नाही. सावल्या थंड आणि उजळ भाग उबदार अशी दुहेरी छटाही देता येते, पण ती रंगीत चित्रातल्या संध्याकाळची नक्कल वाटू लागली की सरळ रंगीत चित्रच ठेवलेले बरे.

निर्णय शटर दाबण्याआधी व्हावा, असा माझा आग्रह आहे, कारण रंगासाठी पाहणे आणि उजेड-अंधारासाठी पाहणे ही नजरेची दोन वेगळी कामे आहेत. तंत्राने त्यासाठी छान सोय केली आहे. कॅमेरा रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली नोंद) आणि मोनोक्रोम (कृष्णधवल) अशा जोडीत लावला तर पडद्यावर दृश्य कृष्णधवल दिसते आणि रॉ फाइलमध्ये सगळे रंग सुरक्षित राहतात. फक्त जेपेगवर, म्हणजे कॅमेऱ्याने स्वतःच प्रक्रिया करून दिलेल्या फाइलवर, काम करणाऱ्यांनी मात्र लक्षात ठेवावे की मोनोक्रोम जेपेगमधून रंग परत आणता येत नाहीत. दृश्य असे बिनरंगी पाहिले की चौकटीतल्या अनावश्यक वस्तू लगेच जाणवतात, उजळ कोपरा नजर कसा खेचून घेतो ते दिसते, आणि कधी कधी हेही दिसते की रंग गेल्यावर तिथे टिपण्यासारखे काही उरतच नाही. अशा वेळी उत्तर मिळालेले असते. 2012 मध्ये लायका कंपनीने रंगांचे फिल्टर नसलेल्या सेन्सरचा, केवळ कृष्णधवल टिपणारा कॅमेरा बाजारात आणला. नेहमीच्या सेन्सरवर प्रत्येक बिंदूपुढे लाल, हिरवा किंवा निळा फिल्टर असतो आणि त्यांतले निम्मे हिरवे असतात. ते काढून टाकल्याने प्रत्येक बिंदूला पूर्ण प्रकाश मिळतो आणि बारकावे अधिक स्वच्छ येतात. मात्र नंतर वाहिन्यांचे मिश्रण बदलण्याची मुभा राहत नाही, आकाश गडद हवे असेल तर भिंगापुढे लाल काच त्याच वेळी लावावी लागते. अशा कॅमेऱ्याने काम करणाऱ्यांची नजर निराळी घडते, यात मला नवल वाटत नाही.

एकट्या चित्राचा आणि मालिकेचा हिशेब वेगळा असतो. दहा-बारा चित्रे एकत्र मांडायची असतील तर त्यांतली दोन कृष्णधवल आणि बाकीची उबदार, ही मांडणी पाहणाऱ्याला सतत थांबवते, कारण प्रत्येक बदलाला तो काहीतरी अर्थ लावू पाहतो. मालिकेसाठी एकच भाषा निवडावी आणि त्या भाषेत न बसणारे चित्र, ते कितीही चांगले असले तरी, बाजूला ठेवावे. हे जड जाते, पण करावे लागते.

आणि निवड करताना पाहण्याची जागाही नीट असायला हवी. संगणकाच्या पडद्याचा पांढरा साधारण 6,500 केल्व्हिनला बांधलेला असतो, तर प्रिंट पाहण्यासाठी 5,000 केल्व्हिनचा प्रकाश प्रमाण मानतात; रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून पडदा आपोआप पिवळा करणारी सोय चालू राहिली, तर उबदार छटांबद्दल घेतलेला प्रत्येक निर्णय चुकीच्या पायावर उभा राहतो. डोळेही लबाडी न करता फसतात: पिवळ्या चित्राकडे बराच वेळ पाहिले की ते त्या पिवळ्याला पांढरे मानू लागतात आणि आपण आणखी पिवळा ओततो. म्हणून मी चित्राभोवती तटस्थ करडी पार्श्वभूमी ठेवते, मधून मधून उठते, आणि दोन्ही रूपांचे लहान प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात, खिडकीजवळ, थेट ऊन टाळून पाहते. कृष्णधवल प्रिंट रंगीत शाईने काढलेला असेल तर तो एका प्रकाशात हिरवट आणि दुसऱ्यात गुलाबीसर दिसू शकतो, तेव्हा करड्या शायांचा प्रिंटर मिळाल्यास तोच वापरावा. कागदाचा पांढराही तपासावा: चमक वाढवणारी द्रव्ये घातलेला निळसर पांढरा कागद उबदार चित्रातली सगळ्यात हलकी, पिवळसर छटा खाऊन टाकतो, आणि त्याच चित्राला किंचित मलईसर कागद दिला की ती परत दिसू लागते.